सृष्टीची विचारपूस

नोकरी संपते, पगार संपतो, किस्से मात्र उरतात! गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात तर काचेच्या बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले होते.

मी तिथे लागलो तोच गैरसमजातून. मी हिस्टरीचा बी. ए. जाहिरातीत ‘नॅचरल हिस्टरी’ दिसलं आणि मी पेशवाई पाठ करून गेलो! आमचे प्रमुख गुप्ते सर. त्यांनी एक कोळंबी पुढे केली. “हिच्याबद्दल काय सांगशील?”

मी विचारलं, “सर, कुठल्या सनातली?”

शेजारी बसून मेलेल्या पोपटात भुसा भरणारे नाईक खो खो हसले. सर नाही हसले. म्हणाले, “हिस्टरी हा मूळचा ग्रीकांचा शब्द. अर्थ चौकशी. सनावळ्या मागाहून चिकटल्या. तू चौकशी केलीस ना? मग उद्यापासून ये.”

पण एक वर्ष टेम्पररी. करी रोडच्या चाळीत आई आणि दोन बहिणी माझ्या कायम होण्याकडे डोळे लावून बसल्या होत्या.

*

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. जो तो पाट्या मराठीत करत होता. आमच्या पेंटरने रंगवलं, ‘निसर्गाचा इतिहास’. नाईक पक्के मालवणी. पाटी वाचून भडकले, “इतिहास मेल्यांचो आसता रे! माझो खेकडो अजून जितो आसा!”

सरांना पटलं. दोन दिवस विचार करून त्यांनी नवी पाटी लावली, ‘सृष्टीची विचारपूस’.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा जिना चढून आले. “डॉक्टर किती वाजता बसतात?”

सरांनी पाटी काढली नाही. आजोबांना खुर्ची दिली आणि तासभर गांडुळं दाखवली!

*

एकदा सर पाच पुस्तकं उघडून एका माशाचं पिल्लू ओळखत होते. खाली मासे विकणारी बायमा वर पाणी मागायला आली. “अवो मास्तर, घोळीचं पिल्लू हाय ते! येवढी बुकं कशाला?”

सरांनी पिल्लाच्या बाटलीवर चिठ्ठी डकवली, ‘घोळ. माहिती देणार: बायमा.’ तिला अक्षरओळख नव्हती. तरी दर महिन्याला ती यायची आणि मला म्हणायची, “वाच रे माजं नाव!”

अशा माणसाच्या हाताखाली उमेदवारी करायला मिळाली, हे माझं भाग्य. त्यांचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत. का, ते सांगतो.

*

वर्ष पुरं व्हायला पंधरा दिवस राहिले होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मोर्चात गेलो आणि पकडला गेलो. चौकीत माझं नाव कागदावर चढलं. पोलिसांत नाव गेलेल्याला आमची संस्था कायम करत नसे. मी कोपऱ्यात बसून चक्क रडलो, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी सर आले. शिंक आली तरी माफी मागणारा माणूस! इन्स्पेक्टरला म्हणाले, “ह्याला सोडा, नाहीतर माझंही नाव लिहा. मीही मोर्चात होतो.”

सर कुठले मोर्चात! सकाळपासून शिंपल्यांना चिठ्ठ्या डकवत होते. बोटांना अजून डिंक होता.

इन्स्पेक्टर हसला. “असं? मग घोषणा देऊन दाखवा, मास्तर!”

सरांनी छत्री टेबलावर ठेवली, चष्मा नीट केला आणि सगळा जीव एकवटून ओरडले, “संयुक्त महाराष्ट्र...”

“झालाच पाहिजे!” अख्खी कोठडी गरजली.

“ह्या दोघांना आधी बाहेर काढा!” म्हणत इन्स्पेक्टरने माझ्या नावाचा कागद टराटरा फाडला.

हवालदार आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. त्याने मागे वळून पाहिलं, सरांना कडक सॅल्यूट ठोकला आणि हळूच म्हणाला, “झालाच पाहिजे!”