रिकामा राहिलेला एक नंबर

आईने तिच्या शेवटच्या यादीत एक नंबर कोणालाच दिला नाही.

आणि त्याच आठवड्यात गेली.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर ३१ डिसेंबरला जेवणं झाली की आई वाटीवर चमचा वाजवायची आणि त्या वर्षातली तिची आवडती दहा गाणी जाहीर करायची. दहापासून उलटं, एकपर्यंत.

अट एकच. गाणं त्याच वर्षीचं हवं.

"जुनी गाणी चांगली असतात हे सगळ्यांनाच माहितेय. त्यात तुझं काय कौतुक? यंदा काय आवडलं ते बोल."

हे सुरू झालं दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, केबलची वायर गच्चीवरून खिडकीत आली त्या वर्षी. आई केंद्र सरकारात असिस्टंट. दिवसभर फायली, संध्याकाळी पोळ्या, आणि पोळ्या लाटताना समोर टीव्हीवर पॉप. लेदर जॅकेट घातलेली मुलं भर वाळवंटात का नाचतात, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

बाबांना पडायचा. बाबा नाट्यसंगीतवाले.

"हे गाणं आहे? बिल्कुल नाही. ही कवायत आहे."

मग आम्ही नोएडाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. आजूबाजूला शेतं आणि अर्धवट बांधलेल्या सोसायट्या. दोघं ऑफिसला चार्टर्ड बसने जायचे. नवी कॅसेट आणली की ड्रायव्हर आधी आईला सांगायचा, "मॅडमजी, आज नई वाली लगाता हूँ."

बाबा शेजारी पेपर तोंडासमोर धरून बसायचे. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत पान काही उलटायचं नाही.

एक नंबरवरून घरात दरवर्षी वाद.

दहा ते दोन आई शहाण्यासारखे द्यायची. एकला मात्र काहीतरी भलतंच निघायचं. एका वर्षी एक पंजाबी गाणं, ज्यात गाणारा शेवटपर्यंत फक्त स्वतःच्या जीपचं कौतुक करतो. एकदा एक इंग्रजी गाणं, ज्यातला एक शब्द आमच्या घरात कोणाला कळला नव्हता.

"आई, हे? सीरियसली?"

"निर्णय अंतिम आहे. हलवा घ्या."

बाबा कपाळाला हात लावायचे आणि गाजर हलवा वाढून घ्यायचे.

कॅसेट गेली, सीडी गेली, गाणी फोनवर आली. आई-बाबा रिटायर झाले. माझी सई झाली, मोठी झाली. ३१ डिसेंबर कधी चुकला नाही.

वर्षापूर्वीच्या ३१ला आई हॉस्पिटलमध्ये होती. नाकात नळी, दोन शब्द बोलली तरी धाप. बाबा औषधं आणायला खाली गेले होते. तिने खुणेने चमचा मागितला आणि पलंगाच्या दांडीवर वाजवला.

दहा. नऊ. आठ.

एकेक नाव, मध्ये श्वास.

दोनवर येऊन थांबली.

"आणि एक?"

"यंदा नाही."

"असं कसं?"

"यांनी काही गुणगुणलंच नाही गं."

मला काही कळेना.

"सकाळी दाढी करताना गुणगुणतात. त्यांचं त्यांना कळत नाही. वर्षभर ज्याला नावं ठेवतात ना, नेमकं तेच. मी चहा करताना ऐकायची. तोच एक नंबर."

धाप ओसरल्यावर म्हणाली, "दहा ते दोन माझ्या आवडीचे. पण नको नको म्हणणाऱ्याच्याही तोंडात जे बसतं, ते खरं गाणं."

इतकी वर्षं. म्हणजे ती जीप बाबांची होती.

"त्यांना सांगितलंस कधी?"

"वेडी आहेस का? सांगितलं तर बंद होतील." मग डोळे मिटले. "यंदा बंदच आहेत. मी आजारी पडल्यापासून. लक्ष ठेव."

आईने मला सांगितलेलं हे शेवटचं काम.

बाबा आता आमच्याकडे गुडगावला असतात. वर्षभर रोज सकाळी ते बेसिनपाशी आणि मी गॅसपाशी, कान तिकडे लावून. ब्रशचा आवाज यायचा, नळाचा यायचा. बाबा गप्प. नाट्यसंगीतसुद्धा नाही.

जेवायचे, पेपर वाचायचे, विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणायचे. मला फार भीती वाटायची. आईच्या मागोमाग हेही जातील, अशी.

परवाच्या ३१ला वाटी कोणीच वाजवली नाही. हलवा केला होता, तो मुकाट्याने खाल्ला.

आमची सई दिवाळीपासून एकच नवं गाणं लावून बसलीय. गाणारा सगळं नाकातून गातो. बाबांनी एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, या मुलाला घरी कोणी काढा देत नाही का?"

काल सकाळी खूप धुकं होतं. बाबा दाढी करत होते, मी चहा टाकला होता.

आणि ऐकलं.

नाकातून. अगदी त्या मुलाच्या सर्दीसकट. एकच ओळ परत परत, कारण पुढची येत नव्हती.

मी गॅस बंद केला, त्याचाही आवाज नको म्हणून. सई काहीतरी बोलत आत येत होती, तिला हातानेच दारात थांबवलं. मी रडत होते, त्यामुळे तीही घाबरून गप्प उभी राहिली.

बाबा तोंड पुसत बाहेर आले.

"अच्छा, चहा झाला नाही अजून?"

"होतोय, बाबा."

बाबा सोशल मीडियावर नाहीत. जे त्यांना भेटता त्यांनी हे सांगू नका, प्लीज. कळलं तर बंद होतील.

आई, सरलेल्या वर्षाचा एक नंबर सर्दीवाल्या मुलाला. जाहीर करायला थोडा उशीर झाला.

निर्णय अंतिम आहे.

तुला नमस्कार.