सुसरीला भाकरी

शिरूरच्या एस.टी. स्टँडवर मगरींच्या प्रदर्शनाचा फ्लेक्स लागला होता आणि राहू गावाहून माझ्याकडं आलेल्या आईनं गाडीतून उतरल्या उतरल्या नेमका तोच पाहिला. झालं! चहासुद्धा नको. "आधी मला सुसर दाव." तिच्याकडं मगर नाही, सुसरच. मी म्हटलं, अगं, शाळेच्या पोरांसाठी असतं ते. "मग मी काय पाप केलंय व्हय?" कप्पाळ! निघालो तसेच.

मला तिला न्यायचंच नव्हतं. धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना राहूला भीमेच्या पाण्यात गेला. सापडला नाही. आई नदीतून बाहेरच येईना; कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पायानं तळ चाचपायची. शेवटी वडील म्हणाले, "सुसरीनं नेला गं त्येला. आता नगं शोधूस." तिला काठावर आणायला मारलेली थाप होती ती, मरणाआधी त्यांनीच मला सांगितलं. पण आई तेवढ्यावर पाण्याबाहेर आली, घरी गेली, भाकरी थापली आणि नदीवर ठेवून आली. लेकरू सुसरीच्या पोटात आहे, तर सुसर उपाशी राहता कामा नये. तेव्हापासून दर अमावस्येला भाकरी आणि वर त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. आई रडली मात्र कधीच नाही. दहावं नाही, श्राद्ध नाही. "जित्या पोराचं कुणी करतं का?" म्हणायची. गावानं वेडी म्हटलं, म्हणू दे. मी ते वेड जपत आले.

प्रदर्शन पुण्याच्या कुठल्याशा संग्रहालयानं एका मंगल कार्यालयात मांडलं होतं. दारातच फायबरची भलीमोठी मगर, तिच्या पाठीवर चढून पोरं फोटो काढत होती. आईनं चपला काढल्या आणि त्या मगरीच्या पोटावरून हात फिरवला. पोरं फिदीफिदी हसली. असा राग आला मला! एकेकाचा कान उपटावासा वाटला. आत लाखो वर्षांपूर्वीच्या कवटीची प्रतिकृती होती, मगरीवर बसलेल्या गंगामाईचं चित्र होतं. आई तिच्या पाया पडली. पुढं जुन्या इजिप्तचा फलक. तिथं मगरी देवळात पाळायचे, पुजारी त्यांना भरवायचे. मी वाचून दाखवलं तसा आईचा चेहरा असा फुलला! "बघ! त्या लोकांला कळत हुतं. आन् आपल्या गावातली मला नावं ठेवत्यात."

माहिती सांगायला एक मुलगी होती, गोड. आईनं तिलाच धरलं. "पोरी, आमच्या राहूत मी बी घालते जेवू. सकाळी जाऊन बघावं तर तुकडा ऱ्हात न्हाई."

मुलीनं कौतुकानं ऐकलं. मग भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "पण आजी, तुमच्या राहूला मगर असल्याची नोंद नाही. पूर्वीचीही नाही. कुत्री खात असतील भाकरी. तुम्ही नदीवर जायला अजिबात घाबरू नका हं."

मी आईचा दंड धरला. "चल गं, पुण्याची पोर ती, तिला काय कळतंय!" पण आई हलेना. तिला वाचता येत नाही, तरी नकाशाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"तुज्या बापानं बघितली हुती ना गं सुसर?"

नुसतं व्हय म्हणायचं होतं. त्यांचीच लेक मी, एवढी थाप मला मारता येऊ नये? पण माझी नजर खाली फरशीकडं गेली, आणि आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

ती तिथंच फरशीवर बसली, पोरांच्या घोळक्यात. "मंग माजं लेकरू गेलं गं," म्हणाली आणि तिनं हंबरडा फोडला. कुणीतरी पाणी आणलं, कुणी पंखा वाढवला. मी तिला पोटाशी धरून बसले. इतक्या वर्षांनी, आमच्या घरात माझा भाऊ त्या दुपारी वारला.