रबरी आजोबा

मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा चालली होती. मी खिडकीशी थबकलो. एक मुलगी पलंगावरच्या रबरी पुतळ्याला म्हणाली, "आजोबा, कुशीवर वळवते हं. दुखलं तर सांगा." शेजारच्या एम.एस्सी.वाल्या परीक्षक बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. विचारण्यालाही गुण असतात म्हणे. रबराला काही दुखत नाही, म्हणूनच त्याला विचारणं इतकं सोपं जात असावं.

पलीकडच्या वॉर्डात माझे वडील नऊ दिवस पडून आहेत. तिथं ते 'चौदा नंबर'. चादर ओढून त्यांना वळवतात, ते दात आवळून सोसतात.

मी तणतणत परतलो. त्यांची कूस बदलायची वेळ झालीच होती. मी चादर धरून त्यांना वळवलं. विचारलं मीही नाही.