पालथं तपेलं

आमच्या घरात अक्कल पाजळण्याचा पहिला मान काकांचा. ते वडिलांचे धाकटे भाऊ. गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर यजमानांना संकल्प सांगतात आणि घरात सोवळ्यावर पहारा देतात. प्लास्टिक ओवळं, हे त्यांचं ठाम मत. नळाचं पाणी प्लास्टिकच्याच पाइपातून येतं, पण ते चालतं, कारण पाइप भिंतीआड असतो. कमरेला खोचलेला मोबाइलही चालतो. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण काकांचा हात कोणी धरणार नाही.

मी इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझी ताई लग्न होऊन इंदूरला गेली. आम्ही लहान असताना अण्णा, म्हणजे आमचे वडील, देवघरात शिष्यांना वेदांची संथा द्यायचे आणि ताई दाराबाहेर वाती वळत ऐकत बसायची. ऐकून ऐकून तिला निम्मं पाठ झालं होतं. काका तिला उठवून लावायचे, "हे पोरींचं काम नव्हे." अण्णा काही बोलायचे नाहीत. त्या न बोलण्याचा राग माझ्या मनातून कधीच गेला नाही.

आमच्या दुर्गाघाटावरची ती शिष्यमंडळी एकेक करून नोकरीधंद्याला लागली. देवघर रिकामं झालं. मग एके दिवशी ताईने फोनवर विचारलं, "अण्णा, मला शिकवाल?" अण्णा हो म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

अडचण एकच होती. अण्णा एकदा सोवळ्यात गेले की नैवेद्य होईपर्यंत कशालाही शिवत नाहीत. मोबाइलला तर नाहीच. म्हणून मी देवघराच्या कोनाड्यात पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर ठेवला. त्याला माइक आणि स्पीकर जोडला. रोज सकाळी ठरल्या वेळी तो आपोआप ताईला फोन लावायचा. कोणी हात लावायला नको. तारेने नेट दिलं होतं, पण ती तार माकडांनी दुसऱ्याच दिवशी ओढून नेली. म्हणून बाहेरच्या खोलीतल्या राउटरवरून वायफाय.

आणि तिथेच सगळं फसलं. संथेत गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. अक्षर, स्वर, काही गळता कामा नये. गळलं तर अण्णा म्हणतात, "पुन्हा." बरोबर आलं तर म्हणतात, "पुढे." शाबासकी वगैरे त्या विद्येत नाही, 'पुढे' हीच काय ती शाबासकी. ताईचा आवाज मध्येच तुटायचा, चार अक्षरं नाहीशी व्हायची. अण्णा म्हणायचे, "अक्षरं खातेस. पुन्हा." ती पुन्हा म्हणायची, तेव्हा दुसरीच अक्षरं जायची. महिना झाला तरी गाडी पहिल्या ओळीवरच.

मी कामाला लागले. मोबाइलचा चार्जर काढून चांगला अ‍ॅडॉप्टर लावला. काम नसलं की वायफाय पेंगतं, ती सोय बंद केली. आमच्या गल्लीत घरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, सगळ्यांचे राउटर एकाच चॅनलवर. मी आमचा चॅनल बदलला. इंटरनेटवरच्या विद्वानांना विचारलं. एक म्हणाला अमुक टाका, दुसरा म्हणाला अमुक टाकणारे मूर्ख असतात, तिसऱ्याने मला माझा प्रश्नच नीट विचारता येत नाही हे समजावून सांगितलं. केबलवाल्याला बोलावलं. तो राउटरकडे लांबूनच बघून म्हणाला, "मैडम, इधर से तो फुल आ रहा है," आणि चहा पिऊन गेला. काका पान लावत म्हणाले, "कशाला परेशान होतेस? तिच्या नशिबात नाही ते नाही."

गंमत म्हणजे संध्याकाळी मी देवघरात जाऊन तपासलं की सगळं स्वच्छ. सकाळी बाहेरच्या खोलीतून लॅपटॉपवर बघायची, तर काका पूजेची तयारी करायला आत गेले की सिग्नल धाडकन खाली. सकाळी मला आत जाता यायचं नाही. मी कॉलेजच्या कपड्यात, म्हणजे ओवळी.

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. "राहू दे आता," ती म्हणाली. "अण्णांना त्रास होतो. लहानपणी काका सांगायचे तेच खरं होतं. मला नाही जमत. उद्याचा दिवस करते आणि सांगते अण्णांना." मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली, आईचं रेशमी सोवळं नेसले आणि देवघरात गेले. वायफाय बघायला सोवळं नेसणारी मी बहुधा जगात एकटीच असेन.

कोनाड्यात माझा कॉम्प्युटर नव्हताच. तिथे तांब्याचं भलंमोठं तपेलं पालथं घातलेलं होतं. काठाखालून वायरी बाहेर आलेल्या, आणि वर तुळशीचं पान.

"हे काय?" मी विचारलं.

"प्लास्टिक आहे ना ते," काका म्हणाले. "देवासमोर उघडं कसं ठेवायचं? तांबं शुद्ध असतं. नैवेद्य झाला की रोज काढून ठेवतो मी."

"तांब्याच्या आत वायफाय जात नाही, काका. काठाखालच्या फटीतून जेवढं झिरपतं तेवढ्यावर ताई शिकतेय."

"तर मग देवघर बाटवू का तिच्यासाठी?"

अण्णा पाटावर बसले होते. त्यांनी मान वळवून तपेल्याकडे पाहिलं. "म्हणजे अक्षरं ती खात नव्हती?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, अण्णा. एकही नाही."

अण्णा उठले. स्वतःचा पाट स्वतः उचलला, देवघराचा उंबरा ओलांडला आणि बाहेरच्या खोलीत, जिना जिथे संपतो तिथे नेऊन टाकला. "ते इकडे आण," मला म्हणाले.

"दादा, तिथे चपला आहेत," काका आतून म्हणाले.

"असू देत."

मी कॉम्प्युटर आणून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. शेजारी काकांच्याच चपला होत्या. थोड्या वेळात फोन लागला. अण्णांनी ओळ म्हटली. ताईने ती म्हटली, एकदा, दोनदा. एक अक्षर गळलं नाही, एक स्वर ढळला नाही. दाराबाहेर वाती वळताना म्हणायची, अगदी तशी. मग ती गप्प राहिली. तिला 'पुन्हा'ची सवय झाली होती.

अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले.

"अण्णा?" ताई म्हणाली. "आवाज येतोय का माझा?"

"येतोय," अण्णा म्हणाले. "पुढे."