शिवेवरून उडालेला नवरदेव

परवा मुलीने फोनवर एक जाहिरात पाठवली. द्राक्षांच्या मळ्यांवरून पहाटे गरम हवेच्या फुग्यातून सफर, आणि खाली उतरल्यावर वाइन. सोबत तिचा प्रश्न: "आई, आयुष्यात एकदा तरी करायला हवं ना?" मी कळवलं, माझं झालंय. द्राक्षांच्या मळ्यावरून, सकाळच्या उन्हात, गरम हवेच्या फुग्यातून, आणि तेही परभणी जिल्ह्यात. तिचा विश्वास बसला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना अशी सफर करायची आहे त्यांना उपयोग होईल. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना जास्त होईल.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी औरंगाबादला एम. ए. करत होते. नामांतराचे दिवस होते ते. 'कुठल्या विद्यापीठात शिकता?' या साध्या प्रश्नाला तुम्ही कोणतं नाव घेऊन उत्तर देता, त्यावर पुढचा चहा मिळणार की नाही ते ठरायचं. एसटी कधी बंद राहील याचा नेम नव्हता, तेव्हा वडील म्हणाले, रेल्वेने जा. जायचं होतं प्रकाशदादाच्या लग्नाला. प्रकाशदादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, नानांचा मुलगा. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून करवली मी. करवलीचं काम सोपं असतं. नटायचं, नवरदेवाच्या मागे दिवा धरून उभं राहायचं आणि मुलीकडच्यांनी केलेल्या मानपानाला नाक मुरडायचं. तिसरं मला आपोआप जमत होतं.

तेव्हा आमच्याकडे मीटर गेज होतं. पॅसेंजर रमतगमत निघायची. जालन्यापासून खिडकीबाहेर ज्वारी लागते, सेलूला ज्वारीच असते, आणि परभणी मागे पडली की बदल म्हणून पुन्हा ज्वारी. आता रूळही रुंद झालेत आणि ज्वारीही कमी झाली आहे. पिंगळी स्टेशनावर उतरले तेव्हा नाना जीप घेऊन स्वतः आले होते. मी वाकून नमस्कार करते न करते तोच म्हणाले, "बाई, तुला उंचीची भीती वाटती का गं?"

नानांची द्राक्षबाग पिंगळीपासून जवळच होती. त्या काळी आमच्या भागात द्राक्षं लावणं म्हणजे अंगणात मोर पाळण्यासारखं. बागेत द्राक्षं कमी आणि बाग बघायला येणारे जास्त. त्यांना नाना प्रत्येकी एक घड द्यायचे आणि एक भाषण. शिवाय त्यांच्याकडे बियाण्याच्या एका कंपनीची एजन्सी होती. त्या वर्षी कंपनीने प्रचारासाठी एक भलाथोरला फुगा जिल्ह्यात फिरवायला आणला. फुग्याबरोबर एक निवृत्त फौजी पायलट होते, कॅप्टनसाहेब. फुगा नानांनी पाहिला आणि घोड्यावरून त्यांचं मन उडालं. नवरदेव फुग्यातून जाणार, हे तिथेच ठरलं. प्रकाशदादाला विचारायचं राहून गेलं. तो बँकेत नोकरीला होता, एरवीही कमीच बोलायचा, आणि नानांसमोर तर मान हलवण्यापुरताच.

मुलीचं गाव ताडकळसच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण त्या गावचे पाहुणे आता हा ब्लॉगही वाचतात. कॅप्टनसाहेब चार-पाच दिवस रोज पहाटे एक छोटा फुगा सोडून वारा बघत होते, आणि तो खरोखरच त्या गावाच्या अंगाने जात होता. तरीही ते नानांना सारखं बजावत होते, "देखिए, इसमें स्टेअरिंग नहीं होता. हवा जिधर ले जाएगी, उधर." नाना म्हणायचे, "साहेब, हवा आमच्या ओळखीची हाय."

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचे वडील आले. माणिकराव. कोरडवाहू तुकडा, बैलजोडी, अंगात धुऊन धुऊन पातळ झालेला सदरा. ओट्याच्या अगदी कडेला बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते व्याह्यांना, म्हणजे नानांना, म्हणत होते, "इवाई, एक अर्ज हाय."

"बोला की."

"नवरदेव कशातबी आणा. हत्तीवर आणा, इमानात आणा. पर शिवेवर तेवढा उतरवा. मी तांब्या घेऊन उभा ऱ्हातो. पाय धुतल्याबिगर गावात आला तर मान्सं म्हनतील, पोरीच्या बापानं शिवेवर येऊन पाय बी धुतले न्हाईत. आन् तसाच म्होरं निघून गेला, तर माजी पोरगी कुटं तोंड दाखवंल?"

हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. नवरदेव आला की मुलीचा बाप त्याला गावच्या शिवेवर गाठतो, पाय धुतो, कुंकू लावतो आणि मग मारुतीच्या देवळाकडे नेतो. पुस्तकात त्याला सीमांतपूजन म्हणतात. आणि शिवेवरून ज्या मुलीचा नवरदेव परत गेला, तिला मग आयुष्यभर त्याच एका गोष्टीने ओळखतात. माणिकरावांचा जीव त्यात अडकला होता.

नाना हसले. "म्होरं कशाला जातंय, पाव्हणं? फुगा आपला, मानूस आपला."

"आन् वारं?"

"वारं बी आपलंच."

माणिकरावांनी चहा बशीत ओतला.

लग्नाच्या दिवशी पहाटे खळ्यावर फुगा पसरला. टीप: जाणार असाल तर माघ-फाल्गुनात जा, थंडी असते आणि हवा स्थिर. पोटात काहीतरी घाला. आम्ही सुशीला खाल्ला. बाहेरच्यांनी दचकू नये, सुशीला हा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पदार्थ आहे. आणि शालू नेसून टोपलीत चढू नका. टोपलीला दार नसतं, टांग टाकून जावं लागतं, आणि त्या वेळी अख्खं वऱ्हाड तुमच्याकडेच बघत असतं.

कॅप्टनसाहेब उजाडताच निघायचं म्हणत होते. पण नव्या वस्तूची पूजा नको? टोपलीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला, कॅप्टनसाहेबांना फेटा बांधला, शाल दिली. ते घड्याळ बघत होते, आणि आमच्या माणसांना वाटलं ते घड्याळ दाखवताहेत. मग मामा रुसले. नवरदेवाच्या मामाचा मान मोठा, आणि टोपलीत जागा चौघांची. पायलट, नवरदेव, करवली आणि चौथे नाना. मामा तोंड फिरवून बागेत जाऊन बसले. त्यांना समजवायला तीन माणसं गेली, त्या तिघांना बोलवायला आणखी दोन. अखेर तोडगा निघाला: दोघांनीही बसायचं नाही, दोघांनी जीपने यायचं. तोवर सूर्य चांगला हातभर वर आला होता. मी लामणदिवा घेऊन चढले तेव्हा कॅप्टनसाहेब म्हणाले, "बेटी, एक आग काफी है."

आणि मग जमीन खाली गेली. आपण वर जातो असं वाटतच नाही, जमीनच सोडून जाते. द्राक्षबाग विंचरून भांग पाडल्यासारखी दिसली. हलगीवाले, वऱ्हाड, जीप, सगळं लहान होत गेलं. रेल्वेचा रूळ, विहिरी, ज्वारीचे चौकोन, सगळं कोवळ्या उन्हात. खरं सांगते, मला रडू आलं. इतकं सुंदर काहीतरी आपल्याच भागात आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गाव आणि गावाबाहेरची वस्ती तिथून एकमेकांना चिकटलेली दिसत होती. खाली त्या दोघांमधल्या अंतरावरून इकडे वर्षानुवर्षं दगड आणि मोर्चे चालू होते. प्रकाशदादा मात्र बाशिंग दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून उभा होता.

बर्नर बंद केला की जमिनीवरचं सगळं स्पष्ट ऐकू येतं. कुत्रं, पंप, कुणीतरी कुणाला दिलेली शिवी. त्यामुळे मुलीच्या गावचा ताशा आम्हाला लांबूनच ऐकू आला. मग शीव दिसली. लिंबाचं झाड, खाली माणसं आणि सगळ्यांच्या पुढे एक पांढरा फेटा. पण मामांच्या रुसव्यात वारा फिरला होता. आम्ही लिंबाच्या बाजूने सरकत होतो, आणि समोर विजेच्या तारा होत्या.

"साहेब, उतरवा," प्रकाशदादा म्हणाला. त्याचे डोळे आता उघडे होते.

"यहाँ नहीं. तार हैं. आगे खुली जगह देखते हैं."

त्यांनी बर्नर लावला आणि आम्ही शीव वरून ओलांडली. बर्नर थांबला तेव्हा ताशाही थांबलेला होता. खालून कुणीतरी ओरडलं, "नवरदेव चालला!" मग बरेच जण ओरडले. आणि पांढरा फेटा पळायला लागला. पूजेसाठी वहाणा काढून ठेवलेल्या, हातात तांब्या. बांध, पुन्हा रान, पुन्हा बांध. "थांबा! जावाईबापू, थांबा की!" हे आम्हाला इतकं जवळून ऐकू येत होतं की मी खाली बघणं सोडून दिलं. प्रकाशदादाने मात्र शेवटपर्यंत नजर काढली नाही. तो वरून ओरडून सांगत होता, "येतो! थांबा, मी येतो माघारी!" वरचा आवाज खाली जात नसावा, कारण माणिकराव पळतच राहिले.

आम्ही पुढच्या गावच्या रानात उतरलो. उतरलो म्हणजे आपटलो. टोपली आडवी झाली, मी नवरदेवावर, बाशिंग माझ्याखाली. बाजूला चरणारी मेंढरं चौखूर उधळली आणि त्यांची मालकीण काठी घेऊन आली. "डोळे फुटले काय रं? माजी मेंढरं आता तुजा बाप गोळा करनार हाय का?" टोपलीतून मुंडावळ्या बाहेर आल्या तसा तिचा आवाज बदलला. "अगं माय! नवरदेव हाय की! कुनाच्या घरचा सांडलाय?"

तेवढ्यात माणिकराव आले. तूर कापलेल्या रानातून अनवाणी पळाले होते. धसकटांनी पाय फोडलेले, तांब्यात थेंब नाही. त्यांना बोलताही येईना. रिकामा तांब्या पुढे करून उभे राहिले आणि प्रकाशदादाच्या पायांकडे बघून मान हलवत होते. पाणी सांडलं म्हणून ते आमची माफी मागत होते.

प्रकाशदादाने मला म्हटलं, "बाई, पिन दे." मी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. त्याने माणिकरावांना बांधावर बसवलं, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बाभळीचा काटा काढायला लागला.

"आवं, न्हाई न्हाई! पाप लागंल मला, जावाईबापू!"

"हलू नका. आत मोडंल."

नाना आले ते याच वेळी. जीप ओढ्याच्या पलीकडे अडकली होती, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रानातून पायी आले होते. मागे धापा टाकत मामा. "पक्या!" नाना ओरडले. "नवरदेवानं सासऱ्याचे पाय धरायचे नसतेत!"

"पाय कुठं धरलेत, नाना? काटा काढायलोय," प्रकाशदादा मान वर न करता म्हणाला. नानांना त्याने दिलेलं हे पहिलं उत्तर.

नाना म्हणाले, झालं ते झालं, इथेच पाणी लावा आणि मांडवात चला. मेंढरंवाली म्हणाली, "हितं कशी पूजा? ही शीव तर आमची हाय." प्रकाशदादा उठला. तिच्याकडून तांब्यात पाणी मागून घेतलं, सासऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "चला, तुमच्या शिवेवर जाऊ." माणिकराव लंगडत होते, त्यामुळे सगळे त्यांच्या चालीने चालले. नानासुद्धा, कारण बांधावरची वाट अरुंद होती आणि पुढे जायला जागा नव्हती. लिंबाखाली माणसं तशीच उभी होती. त्या पाण्याने पाय धुतले गेले तेव्हा ताशावाल्याने इतक्या जोरात टिपरू मारलं की ताशाचं कातडं फाटलं.

मुहूर्त दुपारचा होता, तो साधला. जेवायला पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. वाइन नव्हती. मामांनी दुपारनंतर कुठून तरी जे मिळवलं, त्याला वाइन म्हणणं हा द्राक्षांचा अपमान होईल.

काय उरलं? बाग पाण्याअभावी नानांनी पुढे काढून टाकली. फुग्याची गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. तिच्यात वारा त्यांच्या सांगण्यावरून फिरायचा आणि मुलाला शिवेवर चालत पाठवायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. मला विचाराल तर सफर जरूर करा. फक्त तुमच्यासाठी खाली कुणी उभं असेल तर रस्त्याने जा.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नानांच्या घरी सत्यनारायण होता. मी आणि नवी वहिनी मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. आल्यापासून ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. अचानक हळूच म्हणाली, "वन्सं, एक इचारू? खरं सांगायचं. वरून आमचे आबा केवढाले दिसत होते?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तांदळाच्या दाण्याएवढे," मी म्हणाले.

तिचे हात थांबले.

"सगळेच तेवढे दिसत होते, वहिनी. पिंगळीहून निघालो तेव्हा नाना खाली उभे होते. तेही तेवढेच."

"मामंजी बी?"

"तेही."

तिने एकदा आत माजघराकडे पाहिलं, जिथे नाना पाहुण्यांना फुग्याची गोष्ट सांगत होते. आणि मग पदर तोंडात धरून ती इतकी हसली, इतकी हसली, की मांडीवरच्या सगळ्या शेंगा ओट्यावर सांडल्या.