दिग्रसबद्दल फ्रेंचमध्ये

पुण्यात नोकरी लागल्यावर मी फ्रेंच शिकू लागले. आमच्या दिग्रसला ती सोय नव्हती. इथं एक निवृत्त प्राध्यापिका रविवारी घरी शिकवायच्या आणि पुस्तकं जवळच्या वाचनालयात मिळायची. व्याकरण मला जमलं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नसे.

एकदा बाई म्हणाल्या, "आज तुमच्या गावाबद्दल बोला."

"माझं गाव लहान आहे," एवढं फ्रेंचमध्ये सांगून मी थांबले. तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय करून राह्यली?"

"क्लासात आहो. समोरचं जिनिंग सुरू झालं काय? अंगणात कापूस उडून राह्यला काय?"

आई बराच वेळ बोलली. मी फोन ठेवला, तेव्हा बाई म्हणाल्या, "आत्ता आईशी जे बोललात, तेच मला सांगा."

जिनिंगला फ्रेंच शब्द मला माहीत नव्हता. 'कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना' हे सांगायचं, तर सरकीलाही शब्द नव्हता. मी 'बी' म्हणाले आणि चुकत चुकत बोलत राहिले. बाईंनी मध्येच अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "मग त्या बियांचं पुढे काय करतात?"

तेल काढतात, उरलेली ढेप, म्हणजे पेंड, गुरांना घालतात, हेही मी सांगितलं. त्या दिवशी तास लांबला.