बातमी सांगायची रीत

बात्मा ही डोंगरातल्या एका गावच्या दवाखान्यात फेल्डशर होती. म्हणजे नर्सच्या वरची, डॉक्टरच्या खालची. पण गावात डॉक्टरच नव्हता, तेव्हा जे काय होतं ते तीच होती. अठ्ठावीस वर्षं इंजेक्शनं, बाळंतपणं आणि घोड्यावरून पडून मोडलेले हात. तोंडाची फटकळ. व्होडका पिऊन कुणी सुई टोचून घ्यायला आला, तर आधी शिव्या खायचा आणि मग सुई. पण एवढ्या फटकळ बाईने अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाला, "बाबा रे, तू यातून उठणार नाहीस," असं सांगितलं नव्हतं. "उन्हाळा येऊ दे, बरं वाटेल," हे तिचं ठरलेलं वाक्य. आजारी माणसाला खरं सांगायचं नसतं, सांगितलं की तो खचतो, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सख्ख्या बापालाही तिने हेच वाक्य ऐकवलं. म्हाताऱ्याने ते खरं धरलं आणि उन्हाळ्यात वर कुरणावर जायचं म्हणून खोगिराचे पट्टे शिवायला घेतले. धाकट्या भावाशी त्याचा बारा वर्षं अबोला होता. मिटवायचा होता, पण म्हणाला, "कुरणावरून आल्यावर बघू." उन्हाळ्याआधीच म्हातारा गेला. पट्टेही अर्धे राहिले आणि भावाशी बोलायचंही राहिलं. बात्माला हे आजही डाचतं. तिच्या एका वाक्यापायी बापाचा शब्द तोंडातच राहिला, असं ती स्पष्ट म्हणते आणि वर कुणी समजूत घातली तर चिडते.

मग तिला नारीन शहरात पाच दिवसांच्या शिबिराला पाठवलं. ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांना घरी कसं सांभाळायचं, असा विषय. बात्मा नाक मुरडतच गेली. मरणाऱ्याला सांभाळायचं आता शहराने शिकवायचं म्हणे! पण पहिल्याच दिवशी तिचं नाक सरळ झालं. मॉर्फिनच्या गोळ्या दुखलं की नव्हे, तर घड्याळ लावून द्यायच्या, म्हणजे दुखणं डोकंच वर काढत नाही, हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती माणसांना विव्हळू देत होती आणि मग गोळी देत होती.

चौथ्या दिवशी वाईट बातमी कशी सांगायची ते होतं. शिकवणारी डॉक्टर अयानूर, बात्माच्या लेकीच्या वयाची. जवळ बसा. त्याला काय ठाऊक आहे, किती ऐकायचंय, ते आधी विचारा. त्याला हवी ती माणसं शेजारी असू द्या. मग साध्या शब्दांत सांगा आणि गप्प राहा.

"अगं पोरी," बात्मा म्हणाली, "हे आमच्याकडे शंभर पिढ्या चालत आलंय. कुणी गेलं की आम्ही बातमी अंगावर टाकतो का? तीन वडीलधारे जातात, बसतात, हळूहळू सांगतात."

"ते गेल्यावर ना, एजे," अयानूर म्हणाली. एजे म्हणजे ताई. "इथे माणूस जिवंत असतो."

"असू दे की. रीत तीच."

अयानूरला पुढे काही बोलायचं होतं, पण चहाची वेळ झाली आणि ते राहून गेलं.

गावात परत आली तेव्हा ओरोझबाय अंथरुणाला खिळला होता. अके, म्हणजे थोरला दादा, म्हणायचे त्याला सगळे. पोटाचा कॅन्सर. राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरांनी कागद त्याच्या बायकोच्या, उपोलच्या हातात दिला आणि उपोलने नवऱ्याला सांगितलं, अल्सर आहे. म्हातारा मॉर्फिनच्या गोळ्या थुंकून टाकायचा. "अल्सरला कुणी असली औषधं खातं का? मी काय नशेबाज आहे?" असं म्हणून उशीचा कोपरा दातात धरायचा.

आणि एकुलता एक मुलगा कुबात मॉस्कोत इमारतींवर क्रेन चालवत होता. तीन वर्षं घरी आला नव्हता. उपोलने त्यालाही कळवलं नव्हतं.

"पोराला बोलाव," बात्मा म्हणाली.

"आणि तो कामाच्या दिवसांत उगवला की याला कळणार नाही? हा काय खुळा आहे?"

"मग याला आधी सांगू."

"तुझी जीभ झडेल, बात्मा."

"बापाच्या वेळी जपली ना मी जीभ. काय मिळालं?"

उपोल दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन बाकावर बसली आणि रडली. "उशी फाटली गं चावून चावून. सांगून टाक एकदाचं. पण तू नाही आणि मीही नाही. रीतीने होऊ दे. दुइशो अकेंना बोलाव."

दुइशो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गावातल्या चाळीसेक घरांत मरणाची बातमी त्यानेच नेली होती. त्याच्याइतकं हळुवार कुणाला जमत नसे. बात्माचा जीव हलका झाला. आता सगळं नीट होईल, असं तिला मनापासून वाटलं.

गुरुवारी सकाळी दुइशो आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. डोक्यावर दाबलेल्या लोकरीच्या पांढऱ्या टोप्या, चेहरे गंभीर. ओरोझबाय खिडकीशी तक्क्याला टेकून बसला होता. अंगण ओलांडणारे ते तिघे त्याने पाहिले. आत येऊन ते ओळीने बसले, मागे बात्मा बसली. उपोलने चहा पुढे केला, तर दुइशोने हात आडवा धरला.

तीन टोप्या आणि चहाला नकार. त्या गावात याचा अर्थ एकच होतो: घरचं कुणीतरी गेलं. ओरोझबायच्या तोंडचा रंग उडाला. आता नारीनच्या शिबिरात बात्माच शिकवायला जाते, तिथे ती हे दर वेळी सांगते आणि स्वतःला शिव्या घालत सांगते, की सगळं पाठ केलं होतं, पण त्याला काय वाटतंय हे आधी विचारायचं तेवढंच विसरले मी मूर्ख.

दुइशोने घसा साफ केला. "ओरोझबाय, वाहतं पाणी कुणी धरून ठेवलंय? चांगल्या चांगल्यांचीही वेळ..."

"कुबात," ओरोझबाय म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी गुडघे धरले आणि पोटातून असा हंबरडा फोडला की दुइशोचं पुढचं वाक्य घशातच राहिलं. "क्रेनवरून पडला ना? सांगा! पडला ना माझा पोर?"

बात्मा गुडघ्यांवर पुढे सरकली. जवळ बसा, हळू बोला, सगळं चुलीत गेलं. "अके, कुबात धडधाकट आहे. काही झालेलं नाही त्याला. जाणारे तुम्ही आहात."

ओरोझबायने गुडघे सोडले.

"मी?"

"तुम्ही, अके. अल्सर नाही तो. कॅन्सर आहे. बरा होणार नाही."

"आणि कुबात जिवंत आहे."

"थांबा," म्हणत उपोलने फोन लावला. पडद्यावर पिवळं हेल्मेट आलं, त्याखाली कुबातचा चेहरा. मागे वारा घोंघावत होता. "काय झालं, आई? बाबा का रडतायत?"

ओरोझबायचा जीव भांड्यात पडला. त्याने फोन हातात घेतला, पोराचं तोंड डोळे भरून पाहिलं आणि हसायला लागला. हसताना पोट दुखत होतं तरी हसत होता. "काही नाही रे. मी मरतोय एवढंच. ये घरी."

मग तो दुइशोकडे वळला. "काय माणूस आहात! माझ्या मरणाची बातमी आणायची तर पोराला मारून आणलीत होय?" आणि बात्माला म्हणाला, "दे ती नशेची गोळी. आता कशाला दात चावू? पोर येईपर्यंत शुद्धीत राहायचंय मला. राहीन ना?"

"घड्याळ लावून घेतलीत तर राहाल," बात्मा म्हणाली. ते खरं होतं आणि खरं बोलताना आपला आवाज कापत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

उपोलने फोनवर दर चार तासांचा गजर लावला. कुबात नवव्या दिवशी आला. बापलेकांनी काय काय बोलून घेतलं ते त्यांनाच ठाऊक, पण गावातली माणसं एकेक करून आली आणि ओरोझबायने प्रत्येकाला म्हटलं, "चुकलं असेल तर माफ कर, मीही केलं." ज्या शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून भांडण होतं, त्याला तर निरोप धाडून बोलावून घेतलं. बात्मा दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला बापाचे अर्धे शिवलेले पट्टे आठवले आणि ती कुणाची पर्वा न करता रडली.

अठराव्या दिवशी दुपारी, कुबातच्या मांडीवर डोकं ठेवून ओरोझबाय गेला. उपोल पायाशी होती. बात्मा नाडी धरून होती.

थोड्या वेळाने दुइशो आला. सवयीने दोघांना बरोबर घेऊन, टोपी सारखी करून. ओळीने बसले. दुइशोने घसा साफ केला, उपोलकडे पाहिलं, कुबातकडे पाहिलं आणि थांबला. चाळीस घरांत बातमी नेणाऱ्या माणसाला या घरात सांगायला काही उरलं नव्हतं.

"मी आता काय बोलू, बात्मा?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही, अके," ती म्हणाली. "चहा घ्या."

आणि दुइशोने पेला घेतला.